गुरुवारचा फोन

२ मार्च

ति. सौ. वहिनी,

साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत साष्टांग घालायला जागा नाही. पाय पलंगाखाली जातात आणि डोकं टेबलावर आपटतं. तेव्हा उभ्यानेच घातला असं समज.)

तुझं पत्र परवा मिळालं. तू म्हणालीस तसं उत्तर शाळेच्या पत्त्यावर धाडतेय. घरच्या फोनवर काही बोलायची सोय नाही हे खरंच. तो बसवलाय बाबांच्या उशाशी. आपण 'हॅलो' म्हणायच्या आत बाबा विचारणार, 'कोण आहे? काय म्हणतंय?' आणि दादा पेपराआडून कान टवकारणार. तेव्हा तुझं गुपित माझ्यापाशीच राहील, निर्धास्त अस.

मला सगळं नीट कळलंय ना, एकदा बघ. कर्णबधिर मुलांच्या शिक्षिकेचा कोर्स, आठ आठवडे, तिथेच राहून, पंधरा मेपासून. फॉर्मची शेवटची तारीख पंधरा एप्रिल. चाळिशीच्या आतल्यांनाच घेतात आणि तुला ऑगस्टमध्ये चाळीस पूर्ण होतायत, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. सहा वर्षं त्या शाळेत मदतनीस म्हणून पोरांची नाकं पुसलीस, आता स्वतःचा वर्ग हवा. पण तू आठ आठवडे घर सोडलंस तर बाबांना मंगळवारी-शुक्रवारी डायलिसिसला कोण नेणार? त्यांचं पाणी पेल्याने मोजून कोण देणार? दादाच्या पाळ्या तर दर आठवड्याला बदलतात. म्हणून मी मेमध्ये येणार का आणि कधी, हे पक्कं कळल्याशिवाय तू घरात विषयसुद्धा काढणार नाहीस.

येणार गं. हो म्हणजे हो. परीक्षांचं वेळापत्रक लागलं की तारीख कळवते.

आता इथल्या गमती ऐक. या देशात येऊन सहा महिने झाले तरी माझी भाषा अजून पांगुळगाड्यावर आहे. सगळं पुस्तकातून शिकल्यामुळे मी म्हणे जुन्या नाटकातल्या राजकन्येसारखी बोलते. भाजीवाल्याला मी परवा 'आपण कृपावंत होऊन मजला तीन बटाटे द्याल काय' अशा थाटात काहीतरी म्हणाले. त्याने टोपी काढली, कमरेत वाकला आणि चौथा बटाटा आपणहून पिशवीत टाकला. आता मी गेले की तो गिऱ्हाइकांना बाजूला सरायला सांगतो.

त्याआधी केस कापायला गेले होते. बाई काहीतरी विचारायची, मी हो म्हणायचे. पुन्हा विचारायची, पुन्हा हो. खुर्चीतून उठले तेव्हा माझ्यापेक्षा दादाचे केस लांब असतील. तू तेल थापून थापून वाढवलेली वेणी तिथल्या फरशीवर पडली होती. फोटो पाठवणार नाही, मागूही नकोस.

आणि शेजारी एक सुतारकाम करणारे गृहस्थ राहतात, ते भेटले जिन्यात. बराच वेळ बोलले, मी हसून हो हो केलं. रविवारी सकाळी सातला दारावर थाप! सुतार उभे, हातात दोन खराटे. अख्ख्या बिल्डिंगचं अंगण आम्ही दोघांनी झाडलं. आता मी त्यांच्या यादीत कायमची आहे.

तू म्हणशील, कळलं नाही तर 'नाही कळलं' म्हणावं. वहिनी, लाज वाटते. एकदा विचारलं तर लोक सावकाश सांगतात, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा त्यांचा चेहराच पडतो. त्यापेक्षा नंदीबैल बरा. आणि आपल्या घरात तरी ती सवय कोणाला आहे? बाबांनी 'समजलं का?' विचारल्यावर 'नाही' म्हणालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या घरमालकीणबाई मात्र फार गोड आहेत. पंचाहत्तरीच्या, एकट्या, तरुणपणी बटणांच्या कारखान्यात होत्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या वाटाणे सोलतात आणि मला बोलायला लावतात. काल त्यांनी खूप मोठी काहीतरी हकिगत सांगितली. एक डोळा हाताने झाकला, कॅलेंडरवर बोट ठेवलं, घड्याळाकडे दाखवलं, मग माझ्याकडे. बहुतेक यजमानांची आठवण असावी, आवाज जरा भरून आला होता. मला ओ की ठो कळलं नाही, पण मी तीनदा 'हो, हो, नक्की' म्हटलं. इतक्या खूश झाल्या की केकचा दुसरा तुकडा वाढला.

फोनचं मात्र अजून जमत नाही. समोरच्याचं तोंड दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. पॅसेजमधला फोन वाजला की मी सरळ न्हाणीघरात जाते. फक्त गुरुवारी धावते. तुझी शाळा लवकर सुटते, तू बूथवरून लावतेस, आणि इथे बरोब्बर जेवायची वेळ असते. पलीकडून 'बारके' ऐकलं की अर्धं पोट तिथेच भरतं.

बाबांना नमस्कार सांग. दादाला सांग, चष्म्याचा नंबर तपासून घे.

तुझी लाडकी (हे तूच म्हणतेस) नणंद,
बारकी


२९ मार्च

ति. वहिनी,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. इथे हवा अजून गारच आहे. झाडांना पानं फुटतील फुटतील म्हणतात, पण अजून तरी नुसत्या काड्या. माझी तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. स्वेटर धुताना आटला, आता तो बाहुलीला होईल.

एक वाईट बातमी आहे. मालकीणबाई पडल्या. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर कोपरापर्यंत आहे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं गेल्या गुरुवारी. ऑपरेशन नीट झालं, पण एका डोळ्याला पट्टी, त्यात एकट्या बसने आल्या, उतरताना पायरीचा अंदाज आला नाही. घरच्या माणसाने न्यायला यायचं असतं म्हणे, पण त्या मला सांगायलाच विसरल्या. म्हातारपणी होतं असं. कोणाचा दोष नाही त्यात.

त्यांची लेक आली आहे दुसऱ्या गावाहून. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. बोलते कमी. मी भांडी घासते, बाजार आणते, मालकीणबाईंच्या केसांची गाठ घालून देते. त्या हसतात माझ्याकडे बघून. मला मात्र त्यांच्या पट्टीकडे बघवत नाही.

हॉस्पिटलातून त्या दिवशी घरी फोन येत होते. मी उचलले नाहीत. तुला माहीतच आहे मला फोनची भीती वाटते.

हे दोन-तीन गुरुवार तुझीही चुकामूक झाली. मी लॅबमध्ये होते. काम वाढलंय. पाणी गाळायच्या माझ्या प्रयोगावर सर खूश आहेत. उन्हाळ्यात इथे काय काय करणार आहेत ते सांगत होते परवा. असो.

मेच्या तारखेचं विचारलं आहेस. अजून वेळापत्रक लागलेलं नाही. थोडं मागेपुढे होईल असं दिसतं. पुढच्या पत्रात नक्की लिहिते. तू काळजी करत बसू नकोस.

बाबांची पावलं सुजली होती ती उतरली का? पाणी जास्त मागतात का?

तुझी,
बारकी


२७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र काल आलं. चारच ओळी. 'फॉर्म भरला नाही. बाबा बरे आहेत. मालकीणबाईंचा हात कसा आहे? तू अभ्यास कर.'

मी ते उलटून पाहिलं. पाकीट फाडून आतून पाहिलं. एरवी तू समासातसुद्धा लिहितेस, शेजारणीच्या मांजराला किती पिल्लं झाली इथपर्यंत. यावेळी चार ओळी आणि खाली नावसुद्धा नाही. मला ओरडली असतीस तर मी रडून मोकळी झाले असते. 'तू अभ्यास कर' वाचल्यापासून पुस्तकाला हात लागत नाही.

आता सगळं लिहिते. मागच्या पत्रात जे गाळलं तेही.

परीक्षांचं वेळापत्रक पाच मार्चलाच लागलं. आठ मेला मी मोकळी होणार होते. तुला हवं होतं त्याच्या आठवडाभर आधीच. तुला ते त्याच दिवशी कळवायचं होतं. उद्या लिहू, उद्या लिहू करत होते, तेवढ्यात दहा तारखेला सरांनी खोलीत बोलावलं. उन्हाळ्यात लॅबमध्ये एका विद्यार्थ्याची जागा आहे, तुला हवी का, असं विचारलं. वहिनी, त्यांचं ते वाक्य मला पूर्ण समजलं. पहिल्यांदाच कोणाचं तरी इतकं लांब वाक्य एकही शब्द न अडता समजलं. आणि मी हो म्हटलं.

तुलाही हो, त्यांनाही हो. दोन डगरींवर हात. मला वाटलं, काहीतरी निघेल मार्ग. दादाच रजा घेईल. नाहीतर तुझा फॉर्मच नामंजूर होईल. हो, असंही मनात आलं होतं. तुझा फॉर्म नाकारला गेला तर बरं, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही. हेही लिहून टाकते.

मग गुरुवार यायला लागले. तू तारीख विचारणार हे मला माहीत होतं. मी लॅबमध्ये नव्हते, वहिनी. गुरुवारी दुपारी लॅब बंदच असते. मी माझ्या खोलीत, पलंगावर, उशी कानांवर दाबून बसायचे आणि पॅसेजमधल्या घंटा मोजायचे. तू शेवटपर्यंत वाजू देतेस. बाकीचे लोक सहा-सात घंटांनंतर ठेवतात.

मालकीणबाईंचं ऑपरेशन होतं त्या गुरुवारीही मी तशीच बसले होते. फोन वाजला. मी म्हटलं, वहिनी. थांबला, पुन्हा वाजला. चोराच्या मनात चांदणं! मला त्या घंटेत तुझाच आवाज ऐकू येत होता. चार वेळा वाजला त्या दुपारी. परक्या भाषेची भीती वाटली म्हणून उचलला नाही असं मी तुला लिहिलं ते साफ खोटं. पलीकडे तू असशील, आणि तुझं सगळं मला समजेल, म्हणून उचलला नाही.

त्यातला एखादा तुझा होता का? मला हे विचारायचा हक्क नाही, पण रोज मनात येतं.

आणि त्या मला सांगायला विसरल्या हेही खोटं. डोळा झाकून, कॅलेंडर दाखवून, घड्याळ दाखवून त्या माझ्याकडे बोट करत होत्या ना, ती यजमानांची हकिगत नव्हती. 'या महिन्याच्या चौथ्या गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, अकराला सोडतील, घरचं माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत, तू येशील का?' असं त्या विचारत होत्या. मी तीनदा नक्की म्हणाले आणि वर केक खाल्ला.

लेकीने मला विचारलं, 'आईने तुला सांगितलं नव्हतं?' मी तोंड उघडायच्या आत मालकीणबाई पलंगावरून म्हणाल्या, 'मीच सांगायला विसरले.' लेक त्यांच्यावर चिडली. आई, हल्ली तुला काही लक्षात राहत नाही, तुझं एकटीने राहणं आता पुरे, असं बरंच काही बोलली. ते सगळं मला कळत होतं. आणि मी मान हलवली. म्हातारीच्या अंगावर माझी चूक ढकलली आणि वरून सहानुभूतीने मान हलवली.

तीन आठवडे तसेच काढले. मग कळलं की लेक घर विकायचं बोलतेय आणि मालकीणबाईंना आपल्याकडे नेणार आहे. त्यांना जायचं नाही. विसरभोळ्या ठरल्या म्हणून जावं लागणार. तेव्हा माझा धीर सुटला. शब्दकोश घेऊन बसले, सहा ओळी कागदावर लिहिल्या, पाठ केल्या आणि दोघी जेवायला बसल्या असताना उभं राहून म्हणून दाखवल्या. राजकन्येच्याच भाषेत. कोणी हसलं नाही.

लेक उठून बाहेर गेली. मालकीणबाईंनी डाव्या हाताने खुर्ची सरकवली, मला बसवलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. 'तुला कळलं नव्हतं हे मला तेव्हाच दिसलं होतं. तुझे डोळे कळत नसल्यासारखेच होते. पण तुझी मान हलत होती ना, मला तेवढंच हवं होतं. पुन्हा विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.'

मी म्हटलं, मला माफ करा.

त्या म्हणाल्या, 'मी पाच तास बाकावर बसले होते. दार उघडलं की मान वर करायचे. शेवटी नर्सला खोटंच सांगितलं की मुलगी खाली उभी आहे, आणि निघाले. तू फोन उचलायला हवा होतास. एक शब्द नसता कळला तरी चाललं असतं. घरात कोणीतरी आहे एवढं मला कळलं असतं.'

वहिनी, त्या हे बोलत होत्या आणि मला तू दिसत होतीस. त्या काचेच्या बूथमध्ये, बाहेर माणसं खोळंबलेली, तुझ्या खांद्यावर शाळेची पिशवी. एक गुरुवार, दुसरा, तिसरा. मग माझ्या 'पुढच्या पत्रात नक्की' वर विसंबून तू पोस्टमनची वाट पाहिली असशील पंधरा तारखेपर्यंत. आणि मी ते पुढचं पत्र लिहिलंच नाही.

आज सकाळी मी तुझ्या त्या कोर्सच्या संस्थेत फोन लावला. फोन करायची मला इथे कधी हिंमत होत नाही, पण तिथे मराठीत बोलायचं होतं, आणि मराठीतसुद्धा मी अडखळले. मी म्हटलं, चूक माझी आहे, त्यांची नाही, बारा दिवसांचा उशीर आहे, काही करता येईल का? कारकूनबाई चांगल्या होत्या. 'ताई, यादी वर गेली' म्हणाल्या. वयाच्या अटीचंही विचारलं. त्या म्हणाल्या, त्यात एक दिवसाचीही सवलत नाही. मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

म्हणजे माझ्या हातून झालं ते झालं. ते भरून येणारं नाही. मी हे दुरुस्त करेन असं खोटं आता लिहिणार नाही.

सरांना आज नाही म्हणून आले. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, त्याआधी दुसऱ्या कोणाला तरी शब्द दिला होता. ते चष्मा काढून म्हणाले, 'मग मला हो का म्हणालीस?' मी माफी मागून बाहेर आले. जागा दुसऱ्या मुलाला गेली. तू ऐकून चिडशील, म्हणशील, आता कशाला सोडलीस, दोघींचंही नुकसान. असेल. पण ती जागा घेऊन रोज सकाळी त्या लॅबचं दार उघडणं मला जमलं नसतं.

दहा मेला सकाळी मी घरी पोचतेय. तिकीट काढलंय. दादाला एवढंच कळवलंय की सुट्टीत येतेय. फॉर्मचं त्याला किंवा बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. तू म्हणालीस तर मीच सांगेन, बाबांच्या पलंगाशी बसून, सगळ्यांसमोर. आठ आठवडे बाबा माझ्याकडे. मंगळवार-शुक्रवार मी नेईन, पाणी मी मोजेन, जास्त मागितलं तर त्यांच्या शिव्या मी खाईन. तू माहेरी जा, कुठे दूर जा, नाहीतर खोलीचं दार लावून आठ आठवडे झोप. कोर्सच्या बदल्यात हे देतेय असं समजू नकोस. त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याजवळ काहीच नाही.

एकच मागणं आहे. मला ठाऊक आहे, मी दारात उभी राहिले की तू माझी बॅग घेशील आणि म्हणशील, 'असू दे गं.' आई गेली तेव्हा मी दहावीत होते, तू घरात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. तुझ्या लग्नातल्या शालूवर मी शाईची दौत सांडली, तू असू दे म्हणालीस. बारावीला रागाने ताट भिरकावलं, असू दे. इकडे यायच्या दिवशी तुला नमस्कार करायचा विसरून टॅक्सीत बसले, काचेतून हात हलवत तू म्हणालीस, असू दे.

या वेळी म्हणू नकोस. बॅग माझ्याच हातात राहू दे. मला दारात उभी कर आणि या दोन महिन्यांत मनात जे जे आलं ते सगळं बोल, जितक्या मोठ्याने बोलायचं तितक्या मोठ्याने. मी मान हलवणार नाही. मधे बोलणार नाही. तुझं बोलून झालं की मग आत घ्यायचं की नाही ते सांग.

तुझी अपराधी,
बारकी